मिखाल कालेत्स्की : पदवीविना अर्थशास्त्रज्ञ

१९३६ सालच्या सुरुवातीला छत्तीस वर्षांचा एक पोलिश संशोधक स्टॉकहोममध्ये दाखल झाला. त्याच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. होती ती अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानची अभ्यासवृत्ती आणि मनात आकार घेत असलेल्या एका ग्रंथाचा आराखडा. भांडवलशाही अर्थव्यवस्थेत तेजी-मंदीची आवर्तने का येतात, मागणी आटली की कारखाने आणि माणसे दोन्ही रिकामी का बसतात, याची उपपत्ती त्यात मांडायची होती. त्याच सुमारास, फेब्रुवारी महिन्यात, जॉन मेनार्ड केन्स यांचा ‘जनरल थिअरी’ हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची एक प्रत स्टॉकहोममध्ये या संशोधकाच्या हाती पडली. आपण लिहू पाहत असलेलेच पुस्तक दुसऱ्या कुणी तरी लिहून प्रसिद्धही केले आहे, हे काही पाने वाचताच त्याच्या ध्यानी आले. पुढच्या पानांत तरी काही वेगळे निघेल, ही आशाही फोल ठरली. तो आजारी पडला आणि तीन दिवस अंथरुणातून उठला नाही. केम्ब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी ही हकिकत पुढे सांगितली. त्यांच्या सांगण्यानुसार चौथ्या दिवशी त्याने मनाशी हिशेब केला तो असा, की केन्स हे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक प्रसिद्ध आहेत, त्यांच्या नावाने हे विचार लवकर पसरतील आणि मग त्यांच्या उपयोजनाच्या अधिक रंजक प्रश्नांकडे वळता येईल.

मिखाल कालेत्स्की हे त्या संशोधकाचे नाव. अर्थशास्त्राच्या बाहेर ते आज फारसे कुणाला ठाऊक नाही. मात्र १९८९ नंतर पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटी कोसळल्यावर तेथील अर्थतज्ज्ञांसाठी पाश्चात्त्य देशांनी अभ्यासवृत्त्यांची दारे उघडली, तेव्हा त्या वाटेवरून अर्धशतकाआधी जाऊन आलेला हा माणूस आठवल्यावाचून राहत नाही.

कालेत्स्की यांचा जन्म २२ जून १८९९ रोजी वूच या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. नकाशावर लॉड्झ असे दिसणारे हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते. सूतगिरण्या, धुराडी, गिरणी कामगारांच्या वस्त्या आणि संप हे त्याचे रूप होते. मुंबईच्या गिरणगावाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ते परके वाटू नये. वडिलांची छोटी सूतगिरणी होती. १९१३ मध्ये ती बंद पडली आणि मालक असलेले वडील दुसऱ्याच्या पेढीवर हिशेबनीस झाले. तेजी-मंदीचा पहिला धडा कालेत्स्की यांनी पुस्तकात नव्हे तर घरात गिरवला, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

१९१७ मध्ये वॉर्सा पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीसाठी नाव घातले. गणितात त्यांची बुद्धी विलक्षण चाले. पास्कलच्या षटकोनाविषयीच्या सिद्धान्ताचे व्यापक रूप त्यांनी विद्यार्थिदशेतच मांडले होते. पण लष्करी सेवेमुळे शिक्षण खंडित झाले. पुढे ते ग्दान्स्कच्या पॉलिटेक्निकमध्ये गेले, तर तेथे अभ्यासक्रम संपत आला असता वडिलांची नोकरी गेली. १९२४ मध्ये पदवी हातातोंडाशी आलेली असताना शिक्षण सोडून त्यांना कमाईच्या मागे लागावे लागले. व्यापारी पेढ्यांची पत तपासून अहवाल देणे, बाजारपेठांची पाहणी करणे, आर्थिक नियतकालिकांतून लेख लिहिणे अशी कामे त्यांनी केली. अर्थशास्त्र ते स्वतःच शिकले, तेही रूढ पाठ्यपुस्तकांतून नव्हे. तुगान-बारानोव्स्की आणि रोझा लक्झेंबर्ग यांच्या ग्रंथांनी त्यांना या विषयाकडे ओढले. विद्यापीठीय परंपरेचे ओझे डोक्यावर नसल्याचा त्यांना लाभच झाला असावा. केन्स यांना आपल्या गुरुजनांच्या शिकवणुकीशी झगडून त्यातून बाहेर पडावे लागले. कालेत्स्की त्यात कधी अडकलेच नव्हते.

१९२९ मध्ये वॉर्सातील व्यापारचक्र व किमती संशोधन संस्थेत त्यांना नोकरी मिळाली. संचालक एडवर्ड लिपिन्स्की यांनी पदवीचा आग्रह धरला नाही. येथे लुडविक लांडाऊ या सहकाऱ्यासमवेत त्यांनी पोलंडच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे मोजमाप केले. पुढच्या वर्षी अडा स्टर्नफेल्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जागतिक महामंदीने पोलंडला ग्रासलेला तो काळ होता. कालेत्स्की एका समाजवादी नियतकालिकात हेन्रिक ब्राऊन या टोपणनावाने मंदी, चलनफुगवटा आणि फॅसिझम यांवर लिहीत आणि दिवसा संस्थेत आकडे तपासत.

या आकड्यांतूनच १९३३ मध्ये व्यापारचक्राच्या सिद्धान्तावरील त्यांचा निबंध सिद्ध झाला. त्यातील मध्यवर्ती विचार असा : कामगार आपली मिळकत बहुतांशी खर्चून टाकतात. म्हणून साऱ्या उद्योजकांचा मिळून नफा किती, हे त्यांनी स्वतः गुंतवणुकीवर आणि उपभोगावर किती खर्च केला यावरून ठरते. एखादा कारखानदार काटकसर करून श्रीमंत होईल, पण सगळ्यांनी एकदम हात आखडला तर सगळ्यांचाच नफा आटतो. दुसरी गोष्ट, नव्या यंत्रांची मागणी नोंदविली जाते तेव्हा तेजी येते, परंतु काही काळाने ती यंत्रे उभी राहिली की उत्पादनक्षमता वाढते, नफ्याचे प्रमाण घसरते आणि नवी मागणी थांबते. मागणी नोंदविणे आणि यंत्र प्रत्यक्ष येणे यांतील कालावधी कालेत्स्की यांनी समीकरणात बसविला व त्यातून चक्र उलगडून दाखविले. मजुरी कमी केली की रोजगार वाढेल, या त्या काळच्या सर्वमान्य उपायाला या मांडणीत आधार उरत नव्हता.

निबंध पोलिश भाषेत होता. वॉर्साबाहेर तो वाचणार कोण? त्याच वर्षी हॉलंडमधील लायडेन येथे इकॉनोमेट्रिक सोसायटीची परिषद भरली आणि कालेत्स्की यांना तेथे आपला विषय मांडण्याची संधी मिळाली. श्रोत्यांत नॉर्वेचे राग्नार फ्रिश आणि हॉलंडचे यान टिनबर्गेन होते. दोघांनीही ही मांडणी गांभीर्याने घेतली. फ्रिश यांनी तर पुढे समीकरणाची चिकित्सा करणारा लेखही लिहिला. १९३५ मध्ये निबंधाचा गणिती गाभा ‘इकॉनोमेट्रिका’त इंग्रजीतून आणि त्याचे एक रूप पॅरिसच्या नियतकालिकात फ्रेंचमधून प्रसिद्ध झाले. गणित अवघड होते, लेखकाचे नाव अपरिचित होते. अर्थशास्त्राच्या मुख्य प्रवाहाने त्याची फारशी दखल घेतली नाही.

येथे रॉकफेलर अभ्यासवृत्तीचे महत्त्व येते. पहिल्या महायुद्धानंतर रॉकफेलर निधीतून युरोपातील होतकरू समाजशास्त्रज्ञांना एक-दोन वर्षे परदेशी जाऊन काम करता यावे अशी व्यवस्था झाली होती. फ्रिश स्वतः या मदतीवर अमेरिकेस जाऊन आले होते. ऑस्ट्रियाचे ओस्कार मॉर्गेनस्टर्न, पोलंडचेच ओस्कार लांगे ही त्या यादीतील आणखी काही नावे. कालेत्स्की यांना ती मिळाली तेव्हा त्यांच्या नावामागे पदवी नव्हती, प्राध्यापकी नव्हती. प्रसिद्ध झालेले लेखन होते, आणि तेवढे पुरेसे मानले गेले. नियमांचे कागद पुढे करणाऱ्या कोणत्याही कचेरीला हे जमले असते असे नाही.

स्टॉकहोममधील त्या तीन दिवसांनंतर कालेत्स्की यांनी केन्सच्या ग्रंथाचे परीक्षण पोलिशमध्ये लिहिले. त्यात साम्य नोंदविले, त्याचबरोबर गुंतवणुकीविषयीची केन्सची मांडणी अपुरी का आहे हेही दाखविले. १९३६ सालचे हे परीक्षण इंग्रजीत यायला १९८२ साल उजाडावे लागले. अग्रहक्काचा वाद मात्र त्यांनी कधी घातला नाही. जाहीर वाद न घालणे हा त्यांचा मोठेपणा खरा, परंतु त्यामुळे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एकाच नावाचा ठसा उमटला हेही खरे.

स्वीडनहून ते इंग्लंडला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये काही काळ काढून पुढे केम्ब्रिजशी त्यांचा संबंध जुळला. ठेंगणी मूर्ती, कर्कश वाटणारा आवाज, मोडके इंग्रजी, पण मुद्दा मात्र तीक्ष्ण. केन्सच्या ग्रंथावरील आपापसांतील चर्चा अजून बाहेर पडली नव्हती, असे समजणाऱ्या केम्ब्रिजच्या मंडळींना हा परका माणूस त्यातील खाचाखोचा आधीपासून जाणतो हे पाहून चकित व्हायला झाले. जोन रॉबिन्सन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला तो अखेरपर्यंत टिकला. केन्स यांच्याशी संबंध सौजन्याचे राहिले, जिव्हाळ्याचे झाले नाहीत. केन्स संपादक असलेल्या ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये १९३७ साली कालेत्स्की यांचा करआकारणीवरील लेख आला, आणि पुढे केम्ब्रिजमध्ये त्यांच्यासाठी संशोधनाचे काम उभे करण्यातही केन्स यांचा हातभार लागला.

दरम्यान वॉर्सात एक घटना घडली. संशोधन संस्थेतून लुडविक लांडाऊ आणि मारेक ब्राइट या दोन सहकाऱ्यांना राजकीय कारणावरून काढून टाकण्यात आले. कालेत्स्की यांनी इंग्लंडहून राजीनामा पाठविला. हा राजीनामा साधा नव्हता. अभ्यासवृत्तीचा काळ संपला की मायदेशातील नोकरीवर परतायचे, ही अशा योजनांमागची सर्वसाधारण अपेक्षा असे. ती नोकरीच त्यांनी सोडून दिली. परदेशात कायमचा आधार नव्हता, भाषा अंगवळणी पडली नव्हती, पत्नी सोबत होती. तरीही सहकाऱ्यांवरील अन्याय गिळून त्या संस्थेत परतणे त्यांना मान्य नव्हते.

या निर्णयाचा दुसरा परिणाम त्यांच्या ध्यानीमनीही नसावा. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या तेव्हा कालेत्स्की इंग्लंडमध्ये होते. लांडाऊ वॉर्सात राहिले. व्याप्त शहरातील जीवनाची त्यांनी दैनंदिन नोंद ठेवली आणि १९४४ मध्ये नाझींच्या हातून त्यांचा अंत झाला. ब्राइटही युद्धातून वाचले नाहीत. ज्यांच्यासाठी कालेत्स्की यांनी नोकरी सोडली ते दोघेही गेले आणि नोकरी सोडणारा वाचला.

युद्धकाळात १९४० पासून ते ऑक्सफर्डच्या सांख्यिकी संस्थेत होते. हिटलरच्या युरोपातून निसटून आलेल्या विद्वानांचे ते आश्रयस्थान होते. ‘स्मॉल इज ब्युटिफुल’मुळे पुढे आपल्याकडेही परिचित झालेले ई. एफ. शुमाखर आणि ऑस्ट्रियाचे योझेफ श्टाइंडल हे तेथील सहकारी. एकेका वस्तूचे रेशनिंग करण्याऐवजी प्रत्येकाच्या एकूण खर्चावरच मर्यादा घालावी, म्हणजे पैसेवाल्यांना उरलेला माल उचलता येणार नाही, अशी योजना कालेत्स्की यांनी मांडली होती. सरकारने ती जशीच्या तशी स्वीकारली नाही. युद्धाच्या ओझ्याची वाटणी कशी होते, हा प्रश्न त्यांनी किंमती आणि कूपनांच्या भाषेत विचारला होता, एवढे नोंदवावे.

त्यांचा सर्वाधिक वाचला गेलेला लेख याच काळातील, १९४३ चा. पूर्ण रोजगाराच्या राजकीय बाजूंविषयीचा हा अवघ्या काही पानांचा लेख. सरकारी खर्च वाढवून सर्वांना काम देता येते, हे तोवर बऱ्याच अर्थशास्त्रज्ञांना पटू लागले होते. कालेत्स्की यांनी पुढचा प्रश्न विचारला : मग उद्योगपती त्याला विरोध का करतील? पूर्ण रोजगारात त्यांचा नफा तर वाढतोच. त्यांचे उत्तर असे की, रोजगार उद्योजकांच्या विश्वासावर अवलंबून असेल तोवर सरकारला त्यांच्या कलाने घ्यावे लागते. सरकार स्वतःच रोजगार निर्माण करू लागले की ही पकड सुटते. शिवाय काम गेले तर दुसरे मिळेल अशी खात्री कामगाराला झाली की बडतर्फीच्या भीतीने राखली जाणारी शिस्त उरत नाही. म्हणून मंदीत खर्च वाढवायचा आणि तेजी आली की तुटीची ओरड करून तो कापायचा, असे राजकीय तेजी-मंदीचे चक्र येत राहील. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर युरोपात काटकसरीचे धोरण आले तेव्हा हा लेख पुन्हा जगभर वाचला गेला.

युद्ध संपल्यावर पॅरिस, माँट्रियल असा प्रवास करीत ते न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक विभागात आले. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अर्थव्यवस्था अहवालांची जबाबदारी जवळजवळ आठ वर्षे त्यांच्याकडे होती. १९५३ मध्ये मेक्सिकोत विकसनशील देशांच्या अर्थपुरवठ्यावर त्यांनी व्याख्याने दिली. पण अमेरिकेत मॅकार्थी यांचा काळ आला. कर्मचाऱ्यांच्या निष्ठेची चौकशी सुरू झाली, सहकारी संशयाच्या फेऱ्यात सापडले, कालेत्स्की यांचे अधिकार आकुंचित झाले. १९५४ च्या अखेरीस त्यांनी तेही पद सोडले. साम्यवादाचा संशय घेणाऱ्या देशातून निघून ते साम्यवादी देशात परतले आणि तेथेही त्यांची गणना संशयितांतच व्हायची होती.

१९५५ मध्ये ते वॉर्साला आले. पुढच्याच वर्षी गोमुल्का सत्तेवर आले आणि काही काळ मोकळे वारे वाहिले. ओस्कार लांगे अध्यक्ष असलेल्या आर्थिक परिषदेत कालेत्स्की उपाध्यक्ष होते. १९६१ ते १९७५ या कालखंडाच्या दीर्घकालीन नियोजनाचे काम त्यांच्याकडे आले. नियोजनकारांना पोलादाचे आकडे वाढविण्याचा हव्यास असतो. कालेत्स्की यांचा आग्रह वेगळा होता. गुंतवणूक एका मर्यादेपलीकडे रेटली की तिचा भार आजच्या पिढीच्या ताटावर पडतो, निर्यात जमत नाही, कच्चा माल अडतो, आणि अखेरीस विकासाचा वेगही हाती लागत नाही, असे ते सांगत. म्हणून वेगवेगळ्या वेगांचे पर्यायी आराखडे आखून त्यांतून देशाला पेलेल तो निवडावा, ही त्यांची पद्धत. पक्षाच्या वरिष्ठांना हा आराखडा भित्रा वाटला. उद्दिष्टे वाढविण्यात आली. १९६० च्या सुमारास कालेत्स्की नियोजनाच्या कारभारातून बाजूला झाले.

त्याच हिवाळ्यात, १९५९-६० मध्ये, ते भारतात होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेत देशोदेशींच्या अर्थशास्त्रज्ञांना पाचारण करण्याचा परिपाठ ठेवला होता. फ्रिश, टिनबर्गेन, लांगे हे आधी येऊन गेले होते. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेची तयारी चालू होती. कालेत्स्की यांनी योजनेच्या पैशांपेक्षा धान्याचा प्रश्न आधी धरला. गुंतवणूक वाढली की मजुरी वाढणार, मजुरीतून धान्याला मागणी येणार, आणि धान्य वाढले नाही तर महागाई गरिबांच्या तोंडचा घास काढणार. शेतीचे उत्पादन केवळ खते आणि पाणी यांनी वाढत नाही, कूळ, सावकार आणि व्यापारी यांच्या संबंधांतही ते अडकलेले असते. आवश्यक वस्तूंवर कर न लादता सुखवस्तू वर्गाकडून आणि मोठ्या जमीनधारकांकडून पैसा उभा करावा, असे त्यांचे मत होते. त्यांची ही निरीक्षणे १९६० मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक वीकली’त प्रसिद्ध झाली. सचिन चौधुरी संपादित या साप्ताहिकाने तेव्हा देशातील आर्थिक चर्चेचे व्यासपीठ उभे केले होते. योजना कालेत्स्की यांच्या सूचनांनुसार झाली नाही. साठच्या दशकाच्या मध्यास भारताला अमेरिकेच्या गव्हासाठी बंदरांकडे डोळे लावून बसावे लागले, हे मात्र सर्वांना ठाऊक आहे.

१९६४ मध्ये त्यांनी ‘मधल्या राजवटीं’वर एक छोटा निबंध लिहिला. वसाहतींतून मुक्त झालेल्या देशांत सत्ता बड्या भांडवलदारांकडे नव्हे व कामगारांकडेही नव्हे, तर कनिष्ठ मध्यमवर्ग आणि सधन शेतकरी यांच्याकडे जाते आणि सरकारी उद्योग त्यांच्या सोयीने वाढतात, असे त्यांचे निरीक्षण होते. के. एन. राज यांनी १९७३ मध्ये ते भारताला लावून पाहिले आणि ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांनी त्याचा प्रतिवाद केला. अमित भादुरी आणि प्रभात पटनाईक यांच्या लेखनात कालेत्स्की यांची छाया स्पष्ट दिसते.

पोलंडमध्ये नियोजनाचे दार बंद झाल्यावर त्यांनी अध्यापन पत्करले. पदवी नसलेला हा माणूस वॉर्साच्या नियोजन व सांख्यिकी महाविद्यालयात प्राध्यापक होता. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील अर्थतज्ज्ञांसाठी वॉर्सात नियोजनाचा अभ्यासक्रम सुरू झाला, त्यातही ते शिकवीत. दिल्लीत अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवून आलेले इग्नात्सी साक्स तेथे त्यांचे निकटचे सहकारी होते. पंचवीस वर्षांपूर्वी एका अभ्यासवृत्तीने कालेत्स्की यांना जे दिले होते तेच ते आता इतरांना देत होते, फरक एवढाच की या वेळी पाहुणे गरीब देशांतून येत होते.

१९६८ च्या मार्च महिन्यात हे सारे उधळले गेले. विद्यार्थी आंदोलनाचे निमित्त करून पोलंडच्या सरकारने ज्यूविरोधी मोहीम उघडली. विद्यापीठांतून माणसे काढली गेली, त्यांच्या निष्ठेवर सभांतून चिखलफेक झाली. कालेत्स्की यांचे शिष्य आणि सहकारी त्यात सापडले. काझिमिएर्झ लास्की ऑस्ट्रियाला गेले, साक्स पॅरिसला, व्लोद्झिमिएर्झ ब्रुस काही वर्षांनी ऑक्सफर्डला. कालेत्स्की यांच्या सिद्धान्तांवरही हल्ले चढविण्यात आले. जगभर नाव असलेल्या या वृद्ध माणसाला हात लावणे सत्ताधाऱ्यांना अवघड होते. गप्प राहिले असते तर त्यांची जागा बहुधा टिकली असती. एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. वॉर्सातील संस्थेतून पाठविलेल्या पहिल्या राजीनाम्यात आणि या शेवटच्या राजीनाम्यात तीन दशकांचे अंतर होते, कारण मात्र एकच होते.

१९६९ मध्ये ते जुन्या स्नेह्यांच्या भेटीसाठी पुन्हा केम्ब्रिजला जाऊन आले. त्याच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक प्रथमच देण्यात आले. ते फ्रिश आणि टिनबर्गेन यांना मिळाले, लायडेनच्या सभागृहात १९३३ साली बसलेल्या त्या दोन श्रोत्यांना. १८ एप्रिल १९७० रोजी कालेत्स्की यांचे वॉर्सात निधन झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. आठ महिन्यांनी, डिसेंबरात, गोमुल्का सरकारने खाद्यपदार्थांच्या किमती वाढविल्या. कालेत्स्की जेथे शिकले होते त्या ग्दान्स्कमध्ये गोदी कामगार रस्त्यावर उतरले, किनारपट्टीच्या शहरांत गोळीबारात कित्येक जण ठार झाले आणि गोमुल्का यांना पायउतार व्हावे लागले. गुंतवणुकीपायी उपभोगाची गळचेपी करू नका, असे सांगणारा नियोजनकार तोवर जमिनीखाली होता.

पूर्व आणि पश्चिम यांतील विद्वानांची वाट या काळात पूर्णपणे बुजली नव्हती. १९५७ पासून फोर्ड प्रतिष्ठानने पोलिश अर्थतज्ज्ञांना व समाजशास्त्रज्ञांना अमेरिकेत व पश्चिम युरोपात जाण्यासाठी मदत दिली. लेशेक बाल्त्सेरोविच हे १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदवी घेऊन आले आणि १ जानेवारी १९९० पासून त्यांनीच पोलंडमध्ये बाजार अर्थव्यवस्थेचा धक्कादायक उपचार राबविला. १९८९ नंतर या वाटेचा हमरस्ता झाला. युरोपीय समुदायाने ‘फारे’ मदत कार्यक्रमात पूर्व युरोपातील अर्थतज्ज्ञांसाठी स्वतंत्र योजना आखली. १९९१ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात अर्थशास्त्राचे डॉक्टरेट केंद्र सुरू झाले आणि जॉर्ज सोरोस यांच्या पैशातून मध्य युरोपीय विद्यापीठ उभे राहिले. एक पिढी या सोयींवर घडली. मात्र या काळात शिकविणारा पश्चिमेचा आणि शिकणारा पूर्वेचा, अशी विभागणी आधीच ठरलेली होती. चाळीस वर्षांच्या नियोजनाचा अनुभव घेऊन आलेल्यांनाही विद्यार्थ्यांच्या बाकावर बसविले गेले. १९३६ चा अभ्यासवृत्तीधारक केम्ब्रिजला शिकायला गेला होता तसाच शिकवायलाही, हे त्या वेळच्या केम्ब्रिजने मान्य केले होते. नव्या योजनांत अशी गाठभेट क्वचितच घडली.

कालेत्स्की यांचे समग्र लेखन इंग्रजीत सात खंडांत ऑक्सफर्डने १९९० ते १९९७ या काळात प्रसिद्ध केले. संपादक येर्झी ओसियातिन्स्की. हे काम चालू असतानाच ते १९८९ मध्ये पोलंडच्या पहिल्या बिगर-साम्यवादी सरकारात मंत्री झाले आणि केंद्रीय नियोजन कार्यालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९९२-९३ मध्ये ते देशाचे अर्थमंत्री होते. १९३३ चा तो निबंध पहिल्या खंडात आहे.